जुने गाणे, नवा गळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसते आणि भाषण लांबले की शेजारणीच्या कानाशी लागते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच येथे उभे केले आहे. तेव्हा आज कुजबुजण्याची पाळी तुमची. विषय माझा मला निवडू दिला याबद्दल त्यांचे आभार. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "कोण म्हणालात?" मी म्हटले, "कॉनी फ्रान्सिस. अमेरिकेतली गाणारी." त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे एवढ्या गाणाऱ्या असताना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मी शेवटी देईन. त्यात माझा स्वतःचा एक अपराध कबूल करायचा आहे, आणि अपराध कबूल करायला थोडे बळ गोळा करावे लागते.

माझे माहेर माहीमचे. आमच्या चाळीला लागून एक लहानशी वाडी होती आणि तीत एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना आम्ही सगळी मुले आंटी म्हणत असू. त्यांचा थोरला मुलगा बोटीवर नोकरीला होता. तो सुटीवर आला की येताना तबकड्या आणी आणि मग संध्याकाळभर त्यांच्या ओटीवर फोनो वाजे. साल १९६० किंवा ६१ असेल. मी तेरा-चौदा वर्षांची होते. त्यातल्या एका गाण्यातला मला एकच शब्द कळे : 'ममा'. तो शब्द आला की आंटी हातातले मासे तसेच ठेवून, ओले हात अंगापासून दूर धरून, दाराशी येऊन उभ्या राहत. एकदा मी विचारले, "हे कोण गाते?" त्या म्हणाल्या, "गाणारी तुझ्या ताईएवढी पोर आहे. गाणे मात्र तिच्या आईच्या वेळचे." एवढेच. पण ते माझ्या डोक्यात राहिले. तरुण पोरीने आईच्या वेळचे गाणे म्हणावे आणि साता समुद्रांपलीकडच्या एका आईने चूल सोडून ते ऐकायला यावे, याचे मला नवल वाटले. पुढे नोकरी, संसार यांतून सवड मिळाली तशी या बाईची हकीकत मी वाचत आणि ऐकत गेले. ती आज तुमच्यापुढे ठेवते.

तिचे खरे नाव कॉन्सेट्टा फ्रँकोनेरो. न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क गावी इटलीहून आलेल्या कुटुंबात १९३७ च्या डिसेंबरात ती जन्मली. वडील जॉर्ज फ्रँकोनेरो कष्टकरी गृहस्थ. पोर तीन-चार वर्षांची असतानाच त्यांनी तिच्या गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवला. आपली पेटी ठाऊक आहे ना, तशीच, पण छातीशी धरून वाजवायची. त्या वयाच्या मुलीला तिचे वजन पेलत तरी कसे असेल! पण वडिलांच्या मनात एकदा आले की ते व्हायचेच. लहानपणापासून स्पर्धा, रेडिओ, टेलिव्हिजन, मुलांचे कार्यक्रम असे चालले. आर्थर गॉडफ्रे नावाच्या कार्यक्रमवाल्याने आडनाव उच्चारायला जड म्हणून ते बदलायला सांगितले, आणि कॉन्सेट्टाची कॉनी फ्रान्सिस झाली.

१९५५ साली एम.जी.एम. कंपनीने तिच्याशी तबकड्यांचा करार केला. पाठोपाठ तबकड्या निघाल्या आणि एकामागून एक पडल्या. सारी नवी गाणी, ताजी, तरुणांसाठी म्हणून लिहिलेली. पण दुकानातून उचलायला कोणी तयार नाही. याचे एक कारण तिनेच पुढे सांगितले आहे. गाण्यांचे प्रकाशक नव्या गाण्याचा नमुना बड्या गायिकांना ऐकवण्यासाठी तिच्याकडून गाऊन घेत, आणि जिच्याकडे गाणे पाठवायचे तिच्या ढंगात गा म्हणून सांगत. आज हिच्यासारखी, उद्या तिच्यासारखी. त्या नकलांची गळ्याला इतकी सवय जडली की स्वतःच्या तबकडीवरही ती कोणाची तरी नक्कल करू लागली. स्वतःचा आवाज म्हणून जो असतो, तो तिला सापडलाच नव्हता.

१९५७ साल सरत आले. करार संपत आला होता आणि कंपनी तो पुढे चालवणार नाही हे दिसत होते. विद्यापीठाची शिष्यवृत्ती हातात होती; गाणे सोडून शिकायला जायचे तिने जवळजवळ ठरवले होते. अशा वेळी वडिलांनी हट्ट धरला, की 'हूज सॉरी नाऊ' हे गाणे तू म्हण.

हे गाणे होते १९२३ चे. चाल टेड स्नायडर यांची, शब्द बर्ट कॅल्मर आणि हॅरी रूबी या जोडीचे. सोडून गेलेल्या माणसाला 'आता कोणाला पश्चात्ताप होतो आहे?' असा टोमणा मारणारे गाणे. कॉनीला ते मुळीच आवडेना. हे माझ्या वयाच्या मुलांपुढे गायचे? मला हसतील सगळे! वडिलांचा हिशेब मात्र साधा होता. त्यांचे म्हणणे असे, की गाणे मोठ्यांना आधीच पाठ आहे, तेव्हा ते ऐकतील. त्याला आजचा ठेका दिलास तर मुले नाचतील. भगिनींनो, हे कोणा संगीतज्ञाचे मत नव्हे. पण बाजाराची एवढी अचूक नाडी कंपनीच्या पगारी तज्ज्ञांनाही सापडलेली नव्हती.

२ ऑक्टोबर १९५७ रोजी मुद्रण ठरले. काही गाणी म्हणायची होती. कॉनीने युक्ती केली. बाकीच्या गाण्यांत मुद्दाम वेळ काढला, हे पुन्हा घेऊ, ते पुन्हा घेऊ, अशाने हे नकोसे गाणे आपोआप राहून जाईल म्हणून. आपल्या मुली नाही का, शिकवणीची वेळ टळेपर्यंत वेणी घालत बसतात! पण वडील तिथेच ठाण मांडून होते. शेवटी काही मिनिटे उरली आणि एकदा काय ते होऊन जाऊ द्या म्हणून ती उभी राहिली. गाऊन झाले तेव्हा फितीवर अगदी थोडी जागा शिल्लक होती.

या जागी मला दरवेळी थांबावेसे वाटते. कॉनीने नंतर सांगितले आहे, की त्या गाण्यावर तिचे प्रेम नव्हते, त्यामुळे कोणासारखे गावे याचा विचारच तिने केला नाही. नक्कल करायची राहून गेली. आणि त्या घाईत, त्या रागात, तिचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा फितीवर उतरला. तो कसा आहे, हे शब्दांनी सांगणे कठीण. पियानोवर प्रत्येक मात्रेचे तीन तीन तुकडे टपटप पडत राहतात. त्या काळच्या तरुणांच्या गाण्यांचा तो ठेका. त्यावर ती सुरुवातीला जपून, अगदी सरळ गाते. आवाजात हुंदक्यासारखे काहीतरी आहे. शेवटाकडे मात्र ती सूर चढवत नेते आणि रडणारी मुलगी बघता बघता कमरेवर हात ठेवून उभी राहते. चोवीस वर्षांच्या, चाळीस वर्षांच्या कोणत्याही बाईने ऐकावे आणि आपापला माणूस आठवावा असे ते झाले आहे.

आता कोणी विचारील, दुसऱ्याचे गाणे उचलायचे ही उचलेगिरी नव्हे का? तर त्या देशातला व्यवहार थोडा समजून घेऊ. तिथे त्या काळी गाणे लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा वेगळा आणि गाण्याचा मालक म्हणजे प्रकाशक, तो वेगळाच. १९०९ च्या कायद्याने अशी सोय केली होती, की एखाद्या गाण्याची तबकडी एकदा निघाली की पुढे कोणालाही ठरावीक आकार भरून ते गाणे आपल्या गळ्याने मुद्रित करता येई. आकार होता गाण्याच्या दर प्रतीमागे दोन सेंट, आणि १९७८ पर्यंत तो तेवढाच राहिला. दहा लाख तबकड्या खपल्या तर कायद्याच्या दराने वीस हजार डॉलर होतात. ते प्रकाशक आणि कवी-संगीतकार यांच्यात वाटले जात. 'हूज सॉरी नाऊ'पुरते बोलायचे तर कॅल्मर १९४७ सालीच वारले होते, पण स्नायडर आणि रूबी हयात होते. म्हातारपणी आपले पस्तीस वर्षांपूर्वीचे गाणे शाळकरी मुलांच्या तोंडी ऐकण्याचे भाग्य त्यांना लाभले.

यात एक काळी बाजूही होती, ती झाकून ठेवणे बरे नाही. त्याच वर्षांत निग्रो म्हणून ज्यांना हिणवले जाई त्या कृष्णवर्णी गायकांची ताजी गाणी गोरे गायक लगोलग उचलत. शब्द आणि चालच नव्हे, तर वाद्यांची मांडणी आणि गाण्याचा ढंगसुद्धा. कायदा गाण्याला संरक्षण देई, ढंगाला नाही. लव्हर्न बेकर या कृष्णवर्णी गायिकेचे 'ट्वीडल डी' एका गोऱ्या गायिकेने असेच उचलले आणि रेडिओवर गाजले ते तिचे. १९५५ साली बेकरबाईंनी आपल्या अमेरिकन काँग्रेसमधल्या प्रतिनिधीकडे याची दाद मागितली. कायदा काही बदलला नाही. एखादीच्या पानातला घास काढून घेणे आणि आजीच्या पेटीतले लुगडे काढून नेसणे यात फरक आहे. कॉनीची बहुतेक जुनी गाणी दुसऱ्या प्रकारची.

आजीच्या पेटीवरून आठवले. तिच्या आधी १९५० साली कॅल्मर आणि रूबी यांच्या जीवनावर एम.जी.एम.नेच 'थ्री लिटल वर्ड्स' हा चित्रपट काढला होता. त्यात ग्लोरिया डी हेवन या नटीने स्वतःच्याच आईची भूमिका केली आहे आणि आईच्या वेषात ती हेच 'हूज सॉरी नाऊ' म्हणते. ही गाणी लेकींकडेच येतात असे दिसते!

तबकडी बाजारात आली आणि आधीच्यांसारखीच पडून राहिली. कॉनीला त्याचे आश्चर्य वाटले नाही. मग उजाडला १ जानेवारी १९५८. फिलाडेल्फियाहून डिक क्लार्क यांचा 'अमेरिकन बँडस्टँड' नावाचा कार्यक्रम टेलिव्हिजनवर लागत असे. शाळकरी मुलेमुली तबकड्यांवर नाचत आणि देशभरची मुले घरी बसून ते बघत. त्या दिवशी क्लार्क यांनी ही तबकडी लावली. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत दहा लाखांवर प्रती खपल्या. अमेरिकेत गाणे चौथ्या क्रमांकापर्यंत गेले आणि इंग्लंडमध्ये मे महिन्यापासून सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. वडील जिंकले.

पण थांबा, जुने ते सोने म्हणून माना डोलवू नका. पुढची दोन गाणीही जुनीच निवडली, एक पहिल्या महायुद्धाच्या वेळचे आणि एक १९३१ चे. दोन्ही जेमतेम. नुसत्या जुनेपणावर काही भागत नाही, हे कॉनीला कळले. मग तिने नील सेडाका आणि हॉवर्ड ग्रीनफिल्ड या दोन तरुण पोरांकडून 'स्टुपिड क्युपिड' हे खट्याळ गाणे घेतले. ते अगदी कोरे करकरीत. इंग्लंडमध्ये त्या तबकडीच्या एका बाजूला हे नवे गाणे आणि दुसऱ्या बाजूला 'कॅरोलायना मून' हे १९२० च्या दशकातले होते. १९५८ च्या सप्टेंबरअखेर दोन्ही बाजू मिळून ती तबकडी पुन्हा सहा आठवडे अग्रभागी राहिली. मुले एक बाजू लावीत असतील आणि आईबाप दुसरी. तबकडी घरात एकच.

त्यानंतर तिचा हात बसला. 'माय हॅपिनेस' हे १९४८ साली गाजलेले गाणे तिने अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. (हेच गाणे एल्व्हिस प्रेस्ली याने १९५३ साली, त्याला कोणी ओळखत नव्हते तेव्हा, मेम्फिसच्या एका स्टुडिओत पदरचे सुमारे चार डॉलर भरून हौसेने मुद्रित करून घेतले होते.) मग १९२७ चे 'अमंग माय सूव्हेनीर्स'. संसारातून माणूस निघून गेले आहे आणि त्याच्या वस्तू तेवढ्या मागे राहिल्या आहेत, अशा अर्थाचे. हे गाणे विशी उलटलेल्या मुलीने म्हणावे असे नव्हे. ते आमच्या वयाचे. पण ऐका एकदा. ती म्हातारपणाचे सोंग आणत नाही. तरुण आवाजातच गाते, आणि त्यामुळेच वाटते की हिला हे सारे पुढे भोगायचे आहे.

आणि मग आंटींचे गाणे. 'मम्मा' हे १९४० चे इटालियन गाणे, बिक्सिओ यांच्या चालीचे. बेनियामिनो जिली या विख्यात गायकाने ते गाजवले. परदेशी गेलेला मुलगा आईकडे परत येतो, असा त्याचा भाव. १९५९ साली कॉनीने लंडनला अ‍ॅबी रोडवरच्या स्टुडिओत जाऊन इटालियन गाण्यांचा एक पूर्ण संग्रह मुद्रित केला, तोही वडिलांच्या सांगण्यावरून. तो वर्षाहून अधिक काळ खपाच्या यादीत राहिला. त्यातले 'ममा' १९६० साली अमेरिकेत आठव्या आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. न्यूयॉर्क, नेवार्क, बॉस्टन इथल्या इटालियन घरांतून, जिथल्या आज्यांना इंग्रजी धड येत नव्हते, तिथे नातीच्या फोनोवर आपल्या भाषेतले गाणे वाजू लागले. आमच्या वाडीतल्या आंटींना इटालियन कुठे येत होते? पण बोटीवरचा मुलगा त्यांना होता.

पुढे तिने ज्यू लोकांची गाणी गायिली, स्पॅनिश गायिली, जर्मन, जपानी. १९६० सालीच बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड यादीत, जी १९५८ पासून सुरू झाली होती, पहिल्या क्रमांकावर पोचणारी ती पहिली एकटी गायिका ठरली. ते गाणे मात्र नवे होते. या साऱ्या यशाचा पाढा मी वाचत बसत नाही.

येथपर्यंतची हकीकत मी माझ्या धाकट्या जावेला सांगितली तेव्हा ती पटकन म्हणाली, "बघा, वडिलांचे ऐकले म्हणून भले झाले." शाळेत असते तर मीही हेच तात्पर्य लिहिले असते. पण पुढचे ऐका. याच सुमारास बॉबी डॅरिन नावाचा एक होतकरू तरुण तिच्यासाठी गाणी घेऊन येई. दोघांचे मन जुळले. वडिलांना ते पसंत नव्हते. दोघे पळून जाऊन लग्न करणार असे कानावर आले तेव्हा ते पिस्तूल घेऊन त्याच्यावर धावून गेले. मुलगा जीव घेऊन पळाला तो कायमचाच. गंमत अशी, की १९५९ साली तोही जुनेच गाणे घेऊन शिखरावर गेला. १९२८ च्या बर्लिनमधल्या एका संगीत नाटकातले 'मॅक द नाइफ' हे ते गाणे. १९७३ साली तो अकाली वारला. त्याच्याशी लग्न केले नाही ही आपल्या आयुष्यातली मोठी चूक, असे कॉनी पुढे उघडपणे सांगत राहिली.

म्हणजे गाण्याच्या बाबतीत बापाचे बरोबर आणि मुलीच्या बाबतीत चूक? दोन्ही निर्णयांमागे माणूस एकच, हट्टही एकच. आम्हा बायकांना हे नवे नाही. ज्या हाताने वाढले तोच हात दार अडवून उभा असतो. मला त्या बापाचा नुसता रागही करता येत नाही आणि त्याला नुसता नमस्कारही करवत नाही.

तिचे उत्तरायुष्य थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना जीभ जड होते. १९७४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कजवळ वेस्टबरी येथे कार्यक्रम करून ती मुक्कामाच्या जागी परतली असता एका अज्ञात इसमाने खोलीत शिरून तिच्यावर अत्याचार केला. तिने गप्प न बसता दावा लावला आणि तो जिंकला. प्रवासी स्त्रियांच्या खोल्यांना धड कुलपे असावीत याकडे त्यामुळे मालकांचे लक्ष गेले. १९७७ साली नाकावर शस्त्रक्रिया झाली आणि तिचा आवाजच गेला. तो कुठे परत येतो आहे तोच १९८१ मध्ये भावाचा खून झाला. त्याच वर्षी ती वेस्टबरीच्या त्याच रंगमंचावर परत जाऊन उभी राहिली. पुढे मनाचा आजार जडला. वडिलांनी तिला तिच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवले, हेही तिने स्वतः सांगितले आहे. एवढे भोगून ती मनाच्या रुग्णांसाठी आणि अत्याचाराला बळी पडलेल्यांसाठी बोलत राहिली.

तिने दोन आत्मचरित्रे लिहिली. १९८४ च्या पुस्तकाचे नाव 'हूज सॉरी नाऊ' आणि २०१७ च्या पुस्तकाचे 'अमंग माय सूव्हेनीर्स'. गाणी एक १९२३ चे आणि एक १९२७ चे, दोन्ही तिच्या जन्माआधीची. ज्या गाण्याची तिला लाज वाटत होती, त्याचेच नाव तिने आपल्या जन्मकथेला दिले. आता सांगा, ते गाणे कोणाचे?

आणखी एक नवल सांगायचे राहिले. १९६२ च्या तिच्या एका संग्रहात 'प्रिटी लिटल बेबी' नावाचे एक छोटे गाणे होते. ते गाजले नाही, आणि ती स्वतःही ते विसरून गेली होती. २०२५ साली जगभरच्या लाखो पोरीबाळींनी मोबाईलवर त्या गाण्याशी ओठ जुळवून आपापली चित्रे काढली. माझ्या नातीनेही मला ते दाखवले. "आजी, हे ऐक, मस्त आहे." मी म्हटले, "ही बाई मी माहीमला ऐकली आहे." तिचा विश्वास बसेना. सत्त्याऐंशी वर्षांच्या कॉनीलाही बसला नसेल! ज्या मुलीने जुनी गाणी तरुणांच्या हाती दिली, तिचेच जुने गाणे त्यांनी आपण होऊन उचलले. त्याच वर्षी १६ जुलैला ती वारली. हे पाहून गेली, याचे मला बरे वाटते.

आता माझ्या अपराधाकडे येते. गेल्या श्रावणात आपल्या मंडळाने भावगीतांची स्पर्धा घेतली. परीक्षकांत मी होते. आपल्याच गल्लीतल्या एका मुलीने, नाव सांगत नाही, पण तुम्ही सगळ्या ओळखता, एक फार जुने भावगीत म्हटले. माझी आई ते गात असे. पहिले कडवे तिने संथ म्हटले, मग गिटार घेऊन लय वाढवली आणि शेवटचे कडवे टाळ्यांच्या ठेक्यावर नेले. मी तिचे गुण कापले. तेवढ्याने भागले नाही. निकाल सांगताना व्यासपीठावरून म्हटले, की जुन्या चालीची मोडतोड करणे म्हणजे थोरांचा अपमान. सभागृहात टाळ्या पडल्या. तुम्हीच वाजवल्या होत्यात. मुलगी खाली मान घालून बसली होती.

आता खरे सांगते. ती गात असताना तिची आजी दुसऱ्या रांगेत बसून मांडीवर ठेका धरत होती. डोळे पुसत होती आणि ठेका धरत होती. मी ते पाहिले होते. पाहूनही गुण कापले, कारण ते गाणे मला माझ्या आईच्या आवाजात हवे होते, आणि तो आवाज मला आता कोणीच देऊ शकत नाही. त्यात त्या मुलीचा काय दोष? 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चे. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला आणि वसंतराव देशपांड्यांच्या नातवाने त्यात गायिले, तेव्हा मी दोनदा चित्रपटगृहात जाऊन बसले. मग गल्लीतल्या नातीलाच वेगळा न्याय कसा?

तेव्हापासून ती मुलगी मंडळात आलेली नाही. आपल्या गुरुवारच्या भजनात पेटी तीच धरत असे. सात महिने झाले, आपण बिनापेटीचे भजन म्हणतो आहोत आणि दर गुरुवारी दुसऱ्या अभंगापर्यंत सगळ्यांचे सूर दहा दिशांना जातात. याचे कारण मी आहे, हे मंडळाला कळावे म्हणून आज बोलायला उभी राहिले. चिटणीसबाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

मागल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले होते. आजीनेच दार उघडले. मुलीची मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "काकू, तुम्ही आत या, चहा घ्या." मग बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. निघताना मी गुरुवारचे विचारले. ती म्हणाली, येईन, पण मंडळाच्या पेटीतले वरच्या सप्तकातले दोन स्वर बोलत नाहीत आणि भात्याला गळती आहे, ती आधी दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीचा खर्च मी देते. पेटी वजनाला जड आहे आणि माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. तेव्हा ती दुरुस्तीला कोण घेऊन जाणार, तेवढे आता चहाच्या वेळी ठरवू या.